आधी दूध, मग विहीणबाई

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

परवा सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या घरात एकाच वेळी चार गोष्टी घडल्या. गॅसवरचं दूध वर यायला लागलं, दाराची बेल वाजली, टेबलावरचा मोबाइल थरथरू लागला आणि धुण्याच्या यंत्रानं काम संपल्याची शिट्टी दिली. मी शब्दकोडं सोडवत बसले होते. दारात विहीणबाई उभ्या आहेत हे मला खिडकीतून दिसलं होतं. तरीही मी पेन्सिल कोड्यात ठेवून आधी धावले ती गॅसकडे. दार उघडायला अर्धं मिनिट उशीर झाला. विहीणबाई आत येता येता म्हणाल्या, "दूध होतं वाटतं?"

आता मला सांगा, आमच्या घरात दुधाला विहीणबाईंपेक्षा जास्त मान आहे का? मुळीच नाही. लिटरभर दुधाची किंमत ती काय, आणि विहीणबाई रुसल्या तर ते प्रकरण किती वर्षं चालेल! पण विहीणबाई अर्धं मिनिट थांबू शकतात, दूध थांबत नाही. उतू गेलेलं दूध परत भांड्यात येत नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पस्तीस वर्षं मायक्रोप्रोसेसर हा विषय शिकवला. त्यात इंटरप्टचे अग्रक्रम असा एक धडा येतो. पहिली सहा वर्षं तो मी मुलांना चुकीचा शिकवला. आकृत्या बरोबर होत्या, नोट्स बरोबर होत्या, मुलांना गुणही भरपूर मिळत होते. पण 'ज्याचं महत्त्व जास्त, त्याचा क्रमांक वरचा' हे जे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे, तेच खरं नव्हतं. ते मला कळलं उसाच्या वजनकाट्यावर. त्या हकिगतीकडे येतेच, पण आधी हा इंटरप्ट म्हणजे काय ते पाहू.

संगणकातला प्रोसेसर एका वेळी एक सूचना पाळतो, मग पुढची, मग त्याच्या पुढची. त्याच्याभोवती की-बोर्ड, माउस, डिस्क, घड्याळ, प्रिंटर अशी बरीच उपकरणं असतात आणि ती प्रोसेसरच्या मानानं फार संथ असतात. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचं उदाहरण घ्या. त्याच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला सत्तेचाळीस लाखांहून जास्त ठोके देई. कितीही सराईत टायपिस्ट असला तरी सेकंदाला दहाएक कळा दाबणार. दोन कळांच्या मधल्या वेळात हा प्रोसेसर हजारो सूचना पार पाडतो. मग की-बोर्डवर कळ दाबली गेली हे त्याला कळावं कसं? एक मार्ग म्हणजे दर थोड्या वेळानं जाऊन विचारायचं, 'काही आहे का?' मी शब्दकोडं सोडवताना दर दहा सेकंदांनी उठून दूध बघायचं, दार उघडून बघायचं, फोन कानाला लावून बघायचा, तसं हे. कोडं काही सुटायचं नाही.

दुसरा मार्ग बेलचा. उपकरणानं एका तारेवरून इशारा द्यायचा. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठं होतो ते टिपून ठेवतो (माझी कोड्यातली पेन्सिल), उपकरणाचं काम करतो आणि परत येऊन जिथं होता तिथून पुढं सुरू करतो. मूळ कामाला मधे कुणी येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. या मधे येण्याला इंटरप्ट म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याला 'व्यत्यय' म्हटलेलं आढळेल. शब्द बरोबर आहे, पण त्यात थोडी तक्रार आहे, आणि इथं तर व्यत्ययावरच सगळा संसार चालतो.

या कल्पनेची भीती मोठमोठ्यांना वाटली होती. एड्सखर डाइक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी हॉलंडमधल्या एक्स-१ या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ साली त्यावरच ॲमस्टरडॅम विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. त्यांची धास्ती अशी होती, की बेल कुठल्या दोन सूचनांच्या मधे वाजेल हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आज झालेली चूक उद्या तशीच्या तशी घडवून दाखवता येईल याची खात्री नाही. आणि जी चूक हवी तेव्हा घडवता येत नाही, ती शोधायची कशी? ही धास्ती किती खरी आहे ते मी पुढे स्वतः अनुभवलं.

अडचण अशी, की उपकरणं अनेक आणि प्रोसेसरला नेहमीच्या इंटरप्टसाठी तार एकच. तेव्हा मधे कुणीतरी हवा. तालुक्याच्या गावात डॉक्टरांच्या खोलीबाहेर कंपाउंडर बसतो ना, तसा. पीसीमध्ये हे काम करणारी चिप म्हणजे इंटेलची ८२५९ ए. अठ्ठावीस पायांची. तिच्याकडे आठ उपकरणांच्या आठ तारा येतात, शून्यापासून सातपर्यंत क्रमांक दिलेल्या, आणि तिच्याकडून एकच तार प्रोसेसरकडे जाते. हीच इंटरप्ट कंट्रोलर.

हा कंपाउंडर तीन वह्या ठेवतो. पहिल्या वहीत कोण कोण आलंय याची नोंद. दुसरीत आत्ता कुणाचं काम चालू आहे याची. तिसरीत कुणाला सध्या आत सोडायचं नाही याची. प्रत्येक वहीत फक्त आठ घरं, एका तारेला एक. घरात खूण आहे किंवा नाही, एवढंच. किती वेळा बेल वाजली याची मोजदाद नाही. पहिल्या बेलची दखल घेतली जाण्याआधी त्याच तारेवरून दुसरी बेल आली, तर दोन्ही मिळून एकच. म्हणूनच एखाद्या प्रोग्रॅमनं फार वेळ दार लावून घेतलं, की जुन्या संगणकांची घड्याळं मागं पडायची. ठोके येऊन गेलेले असायचे, पण खूण एकच.

आता दोघं एकदम आले तर? लहान क्रमांकवाला आधी. शून्य सर्वांत वर, सात सर्वांत खाली. कंट्रोलर प्रोसेसरला इशारा देतो. प्रोसेसर 'कोण आहे?' असं विचारतो. कंट्रोलर एक आकडा सांगतो. स्मृतीच्या अगदी सुरुवातीला २५६ पत्त्यांची एक यादी असते, त्या आकड्यापुढं लिहिलेल्या पत्त्यावर प्रोसेसर उडी मारतो. तिथं त्या उपकरणाचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम असतो.

आणि एकाचं काम चालू असताना दुसरा आला तर? तो खालच्या क्रमांकाचा असेल तर बसून राहील. वरच्या क्रमांकाचा असेल तर त्याला लगेच आत सोडायचं. डॉक्टर खोकल्याचा पेशंट तपासत असताना सर्पदंशाचा आला, तर डॉक्टर स्टेथोस्कोप तसाच ठेवून उठतील. ते आटोपल्यावर पुन्हा खोकल्याकडे. खोकलेवाल्याचं नाव 'काम चालू' या वहीत तसंच राहतं.

या दुसऱ्या वहीनं मला १९८९ मध्ये चांगलाच धडा शिकवला. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा नवे पीसी-एक्सटी आले होते. की-बोर्डच्या बेलला उत्तर देणारा आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा असं मला वाटलं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद दाखवणारं छोटं घड्याळ मी आधीच बनवलं होतं, त्याच्या जोडीला हा. प्रोग्रॅम सुरू केला, एक कळ दाबली, अक्षर उमटलं. मी खूश. दुसरी कळ दाबली. काही नाही. तिसरी, चौथी. काही नाही. संगणक अडकला म्हणावं, तर कोपऱ्यातलं घड्याळ सेकंद मोजत मजेत चाललेलं! तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची युक्ती केली, तर तीही कळांचीच युक्ती. शेवटी मागचं मोठं बटण बंद केलं.

दोन दिवस मी त्या घड्याळाकडे बघत बसले होते. मग लक्षात आलं. काम झालं की प्रोसेसरनं कंट्रोलरला 'झालं' असं कळवायचं असतं. त्याशिवाय तो दुसऱ्या वहीतली खूण पुसत नाही. हा निरोप दोन सूचनांचा. मी तो लिहायला विसरले होते. कंट्रोलरच्या हिशेबी की-बोर्डचं पहिलं काम अजून चालूच होतं. म्हणून की-बोर्ड स्वतः आणि त्याच्या खालचे सगळे दाराबाहेर बसून. घड्याळाची तार मात्र शून्य क्रमांकाची, की-बोर्डच्या वरची, म्हणून त्याला मोकळी वाट. सेकंद सरकत होते ते त्यामुळे. कंपाउंडर आपलं काम चोख करत होता. डॉक्टरच पेशंट गेल्याचं सांगायला विसरले होते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वर्गातल्या एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, हार्डडिस्कपेक्षा की-बोर्ड जास्त महत्त्वाचा कसा?"

त्याचं बरोबर होतं. पीसी-एक्सटीची यादी अशी होती : शून्यावर घड्याळाचा ठोका, सेकंदाला सुमारे १८ वेळा. एकवर की-बोर्ड. दोन राखीव. तीन आणि चार हे सिरियल पोर्ट, म्हणजे ज्यांतून एकामागून एक अक्षरं येतात ते, मोडेमसाठी वगैरे. पाचवर हार्डडिस्क, सहावर फ्लॉपी, सातवर प्रिंटर. संगणकातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे हार्डडिस्क, सगळा जमाखर्च तिच्यात, आणि तिचा क्रमांक पाचवा? मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरंच आहे.

आता काट्याकडे येते. १९९३ चा गळीत हंगाम. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यानं वजनकाट्यावर संगणक बसवला होता. उसाची गाडी काट्यावर आली, की काट्याचं यंत्र वजनाचे आकडे सिरियल पोर्टमधून संगणकाला पाठवी आणि संगणक पावती छापे. माझा एक जुना विद्यार्थी तिथं संगणक विभागात होता. तो एका संध्याकाळी घरी आला. चेहरा उतरलेला. दिवसाकाठी तीन-चार गाड्यांचं वजन चुकत होतं. तेही थोडंथोडकं नाही. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचं वजन २४,८६० किलो असायला हवं, तिथं छापून आलं २,४६०. रिकामा ट्रॅक्टर आणि ट्रॉल्याच याहून जड!

"मॅडम, काटा तपासला, केबल बदलली, संगणकही बदलून पाहिला. चारशे गाड्या नीट जातात आणि तीन-चार अशा."

उसाच्या पट्ट्यात 'काटा मारणे' या शब्दांना काय अर्थ आहे ते मी सांगायला नको. वर्षभर राबून वाढवलेला ऊस, त्याची किंमत ठरणार त्या एका आकड्यावर. गाड्यांची रांग लागलेली, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्या पोराला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आता संगणकातनं काटा मारायला लागलायसा व्हय?" पोरगा प्रामाणिक होता. त्याला रात्रभर झोप नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी गेले. वजनाचा आकडा बघितल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. २४८६० मधला ८ गेला, की २४६० उरतात. वजन चुकत नव्हतं, मधलं एक अक्षर गळत होतं.

अक्षर का गळावं? काट्याकडून अक्षरं ९६०० च्या वेगानं येत होती. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एक अक्षर साधारण एका मिलिसेकंदाला. त्या काळच्या सिरियल पोर्टच्या चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला एकच जागा असे. अक्षर आलं की चिप बेल वाजवते. पुढचं अक्षर पुरतं यायच्या आत, म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदात, प्रोसेसरनं पहिलं उचललं नाही, तर नवं अक्षर जुन्याच्या जागी येऊन बसतं. जुनं गेलं. काटा काही ते परत पाठवत नाही. हे दूध होतं!

मग प्रोसेसर एवढा वेळ कुठं अडकत होता? त्या पोरानं एक चांगली गोष्ट केली होती. शेतकऱ्यांना लांबून दिसावं म्हणून पडद्यावर वजन आणि वेळ हातभर मोठ्या आकड्यांत दाखवायची सोय केली होती. ते मोठे आकडे तो दर सेकंदाला नव्यानं रंगवायचा. आणि रंगवण्याचं काम त्यानं जोडलं होतं घड्याळाच्या ठोक्याला. म्हणजे तार क्रमांक शून्य, सर्वांत वरचा मान. रंगवायला दोन-अडीच मिलिसेकंद लागत. तेवढा वेळ 'घड्याळाचं काम चालू आहे' अशी खूण कंट्रोलरच्या वहीत, आणि चार नंबरची तार, काट्याची, दाराबाहेर. बहुतेक वेळा काही बिघडत नसे, कारण काट्याचे आकडे येऊन जायला जेमतेम आठ मिलिसेकंद लागत, आणि ते नेमके रंगवण्याच्या वेळी येतील असं क्वचितच घडे. शंभरात एखाद्या वेळी. चारशे गाड्यांत तीन-चार!

शेतकऱ्याला वजन स्पष्ट दिसावं म्हणून जे केलं होतं, तेच वजनातला आकडा खात होतं.

वाईट याचं वाटलं, की सिरियल पोर्टची चिप हे सांगत होती. एखादं अक्षर उचलायचं राहून त्याच्यावर दुसरं आलं, की ती आपल्या एका कोपऱ्यात खूण करून ठेवते. प्रोग्रॅमनं ती खूण कधी वाचलीच नव्हती. आम्ही ती मोजायला लावली आणि काट्यावर बसून राहिलो. दुपारपर्यंत आकडा दोनवर गेला. दोन्ही वेळच्या पावत्या चुकलेल्या निघाल्या.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. घड्याळाच्या ठोक्याला आता फक्त 'रंगवायची वेळ झाली' अशी चिठ्ठी ठेवायची आणि लगेच बाहेर पडायचं. रंगवण्याचं काम मूळ प्रोग्रॅमनं सवडीनं करायचं, जिथं कुणीही त्याला मधे थांबवू शकतं. शिवाय खूण दिसली तर वजन पुन्हा मागवायचं. रात्री अकरापर्यंत आम्ही तिथं होतो. मोजणीचा आकडा शून्यावरून हलला नाही.

घरी येताना मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. हार्डडिस्क पाचवी होती, कारण तिला थांबता येतं. तिच्यापाशी वाचलेली माहिती ठेवायला स्वतःची जागा असते. तिची बेल उशिरा ऐकली, तर काम उशिरा होईल, हरवणार काही नाही. प्रिंटर तर काय, थांबून राहील. सिरियल पोर्ट थांबू शकत नाही. घड्याळाचा ठोका चुकला तर वेळ मागं पडते. अग्रक्रमाचा प्रश्न 'कोण मोठं?' असा नाहीच. थांबवलं तर कुणाचं काय कायमचं जाईल, आणि किती वेळात, असा तो आहे. की-बोर्ड मात्र या नियमात नीट बसत नाही. तो एवढा वर का, याबद्दल माझा आपला एक तर्क आहे : बाकी काहीही बिघडलं तरी माणसाचा हात संगणकावर राहावा म्हणून.

पण हा नियम कळला म्हणून प्रत्यक्षात तसंच असतं असं समजू नका. १९८४ साली आयबीएमनं पीसी-एटी आणला तेव्हा आठ तारा पुरेनात, म्हणून दुसरी ८२५९ जोडली. ती जोडली पहिलीच्या दोन नंबरच्या तारेवर. परिणाम असा, की नव्या आठही तारा, आठपासून पंधरापर्यंत, एक आणि तीन यांच्या मधे येऊन बसल्या. हार्डडिस्क गेली चौदावर, म्हणजे तीन आणि चारच्या वर. थांबू शकणारी डिस्क पुढं आणि न थांबणारा सिरियल पोर्ट मागं. कुणी पुनर्विचार करून हे ठरवलं असेल असं मला वाटत नाही. मोकळी तार तीच होती. अग्रक्रम पुष्कळदा असेच ठरतात. पुढे सिरियल पोर्टच्या चिपमध्येच सोळा अक्षरं मावतील एवढी जागा आली आणि तंटा मिटला. रांगेतला नंबर बदलण्यापेक्षा मोठं पातेलं घेणं सोपं पडलं.

८२५९ मध्ये आणखीही सोयी होत्या. ज्याचं काम झालं त्यानं रांगेच्या शेवटी जायचं, अशी फिरती पद्धत तिला सांगता येते. सारख्याच गरजेची उपकरणं असतील तर ती न्याय्य. पीसीमध्ये ती सहसा वापरली गेली नाही. कुणी बेल वाजवून पळून गेलं, तर काय करायचं हेही तिला ठाऊक आहे. प्रोसेसर 'कोण आहे?' विचारेपर्यंत दारात कुणीच नसेल, तर ती सात नंबर सांगते, कारण काहीतरी सांगणं भाग असतं. त्यामुळे सात नंबरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं आधी वही बघायची, की खरंच कुणी आलंय की पोरं बेल वाजवून पळालीत. शिवाय एक तार या सगळ्यांना वळसा घालून थेट प्रोसेसरकडे जाते. तिला मनाई करता येत नाही. पीसीमध्ये ती स्मृतीत बिघाड झाल्याचं सांगायला वापरली होती. मनाई करता येत नाही अशी तार एखादीच असावी. सगळ्यांनाच ती दिली तर कंपाउंडर कशाला हवा?

बेल वाजवण्याची ही पद्धतच उलटते कधी, तेही सांगायला हवं. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी नेटवर्कच्या बाबतीत एक विचित्र प्रकार मांडून दाखवला. माहितीची पाकिटं फार वेगानं यायला लागली, की दर पाकिटाला एक बेल. प्रोसेसर प्रत्येक बेलला धावतो, पाकीट आत घेतो आणि ते उघडण्याआधीच पुढची बेल वाजते. पाकिटं उघडण्याचं काम खालच्या क्रमांकाचं, त्याची पाळी येतच नाही. शेवटी जागा संपून आत घेतलेली पाकिटं टाकून द्यावी लागतात. प्रोसेसर क्षणभरही रिकामा नाही, आणि पार पडलेलं काम जवळजवळ शून्य! लग्नघरातल्या ज्या यजमानाला प्रत्येक जण हाक मारतो, त्याची ही अवस्था आपण पाहिलेली आहे. यावर त्यांचा उपाय असा : पहिल्या बेलनंतर त्या उपकरणाची बेल बंद करायची, आपणच जाऊन ठराविक संख्येनं पाकिटं उचलायची आणि सगळं संपलं की बेल पुन्हा सुरू करायची. म्हणजे ज्या फेऱ्या मारण्याला कंटाळून बेल बसवली, त्या फेऱ्याच गर्दीच्या वेळी बऱ्या पडल्या. लिनक्समध्ये २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत नेटवर्कसाठी ही पद्धत आली आणि आजही ती चालू आहे.

आजच्या संगणकांत एकच प्रोसेसर नसतो. एका चिपवर चार, आठ, सोळा गाभे असतात आणि प्रत्येकाच्या दाराशी स्वतःचा कंट्रोलर. अनेक उपकरणं आता तारेवरून बेल वाजवतच नाहीत, ठराविक पत्त्यावर एक आकडा लिहून निरोप धाडतात. इंटेलच्या पद्धतीत हे आकडे २५६, त्यांचे सोळा-सोळाचे सोळा वर्ग, आणि मोठा आकडा वरच्या मानाचा. ८२५९ च्या बरोबर उलट! मोबाइलमधल्या आर्म पद्धतीत पुन्हा लहान आकडा वरचा. माझ्या विद्यार्थ्यांनी यावर मला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या असतील. आता 'कुणाला आधी?' याच्या जोडीला 'कुणाला उठवायचं?' हाही प्रश्न आहे. झोपलेल्या गाभ्याला उठवलं तर बॅटरी जाते, आणि कामात असलेल्याला उठवलं तर काम खोळंबतं.

एवढी यंत्रणा हाताशी असून लिनक्स तिच्यातल्या मानपानाचा फारसा उपयोग करत नाही, हे ऐकून मला आधी आश्चर्य वाटलं होतं. एका बेलचं उत्तर चालू असताना तो गाभा सहसा दुसरी बेल ऐकतच नाही. त्याऐवजी नियम असा, की बेलला उत्तर देताना अगदी थोडं, हरवण्याजोगं असेल तेवढंच करायचं आणि बाकीचं पुढं ढकलायचं. दूध उतू चाललं असेल तर गॅस बंद करा आणि दार उघडायला जा, ओटा नंतर पुसता येईल. कारखान्यातल्या त्या पोराचा प्रोग्रॅम आम्ही दुरुस्त केला तो याच रीतीनं. फक्त तेव्हा त्याला नाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर मी घरच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून घेतलं. त्यात एक फाइल आहे, ती उघडली की आजवर कुणी किती वेळा बेल वाजवली आणि कुठल्या गाभ्यानं ती ऐकली, याचा तक्ता दिसतो. त्यात शून्यावर घड्याळ आहे आणि एकवर की-बोर्ड. १९८१ साली दिलेले नंबर अजून तसेच. एक अक्षर टाइप करून तक्ता पुन्हा उघडला, की की-बोर्डपुढचा आकडा त्या अक्षरापायी दोननं वाढलेला असतो. एकदा कळ दाबल्याबद्दल आणि एकदा सोडल्याबद्दल.